अमीरबीची सवत

विशाखा पहिल्यांदा अमीरबीच्या दुकानात गेली आणि दहा मिनिटांत तिनं ठरवून टाकलं, की ही बाई एक ना एक दिवस नवऱ्याच्या दोस्तांना काठीनं बडवणार. आता तिला त्याबद्दल विचारा, ओढणी तोंडाला लावून खो खो हसते. पण त्या दिवशी तिची तरी काय चूक? नांदेडच्या इतवाऱ्यातलं गादी-रजईचं ते चिमुकलं दुकान. आत कापसाच्या ढिगाला टेकून तिघंजण शेअरबाजाराच्या गप्पा मारत बसलेले. एक तिचे वडील संघपाल, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. दुसरे अहमदपूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते धोंडप्पा. आणि तिसरे दुकानाचे मालक जलीलभाई. अन् दारातच, तिघांच्या अगदी नाकासमोर, जलीलभाईंची बायको अमीरबी एका जुन्या गादीला अशी झोडपत होती, की जणू गादीनं तिचं मंगळसूत्र, म्हणजे आपली ती काळीपोत, पळवलीय. धूळ उडत होती ती सगळी तिघांच्या चहात.

"भाभी, जरा मागल्या अंगणात न्या की," धोंडप्पा खोकत म्हणाले.

"मागं ऊन न्हाई," अमीरबी म्हणाली, अन् गादीला आणखी चार ठेवून दिल्या.

मागं चांगलं लख्ख ऊन होतं. विशाखानं येताना बघितलं होतं. म्हणून तिला वाटलं, या बाईला हे रविवारचं टोळकं डोळ्यांसमोर नकोय. घरी जाताना ती वडलांना म्हणालीसुद्धा, "बाबा, तुम्ही दुसरीकडं बसत जा. एखाद्या दिवशी ती काठी तुमच्यावर पडेल."

खरं काय ते कळायला लई दिवस गेले. आतल्या खोलीतून बाईला ऐकू येत नव्हतं हो! म्हणून दर रविवारी बरोबर गप्पांच्या वेळेला गादी दारात यायची. झोडपायची अन् थांबायची, झोडपायची अन् थांबायची. थांबायची ती दम लागला म्हणून नाही, कंपनीचा विषय निघाला म्हणून.

आता ही कंपनी कोणती, ते आधी सांगायला पाहिजे.

अमीरबी मूळची बिलोलीची. लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा सासूनं तिच्या हातात वीतभर लांब सुई दिली अन् म्हणाली, "पिंजाऱ्याच्या घरात पोळी जळाली तर चालती, टाका वाकडा पडला तर चालत न्हाई." अमीरबीची पोळी तशी जळायचीच. टाका मात्र असा पडायचा, की गादी फाटून जाईल पण टाका निघायचा नाही. जलीलभाई कापूस पिंजायचे, ही गादी भरायची, शिवायची. त्यातच एक मुलगी झाली, अफसाना. ती मोठी झाली, लातूरला दिली. जावयाचं मोबाइलचं दुकान आहे तिकडं, चांगलं चालतं.

मग स्पंजच्या गाद्या आल्या. हप्त्यावर मिळायच्या, वर दोन उशा फुकट. लोकांनी कापसाच्या गाद्या उचलून माळ्यावर टाकल्या. जलीलभाईंचं मशीन दिवसातून तासभर चालू लागलं. कधीमधी तेवढंही नाही.

त्याच काळात लातूरच्या एका तेलाच्या मिलमधून बोलावणं आलं. बॉयलरच्या गरम पाइपांना जाड आच्छादन शिवून घालायचं होतं. नेहमीचा शिंपी म्हणाला, एवढं जाड माझ्या मशीनखाली जायचं नाही, पिंजारी बघा. जलीलभाई सुया घेऊन गेले. आठ-पंधरा दिवस तिकडंच होते. आले ते एक पांढरा तुकडा घेऊन. हातरुमालाएवढा. वजन म्हणाल तर कबुतराच्या पिसाएवढं.

"अमीर, तवा ठेव," म्हणाले.

अमीरबीनं तवा ठेवला. तिला वाटलं, भूक लागलीय. यांनी तापल्या तव्यावर तो तुकडा ठेवला आणि त्याच्यावर सरळ आपला तळहात दाबला! अमीरबी किंचाळली. हे मात्र हसत उभे. "कोमट बी न्हाई," म्हणाले. "चाळीस वर्षं कापूस हाताळला मी. असा कापूस अल्लानं केलेला न्हाई, माणसानं केलाय. वाळूपासून करतेत म्हणं. याचा धागा बघ. याचं वळण बघ. हा माल खरा हाय."

त्या गुंडाळीवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. लांबलचक इंग्रजी नाव, जलीलभाईंच्या जिभेवर काही बसेना. त्यांनी ते संघपालांना दाखवलं. संघपाल रिटायर झाल्यावर जुनी गादी पिंजून घ्यायला म्हणून दुकानात आले होते. गादी घरी गेली, ते तिथंच राहिले. त्यांनी मोबाइलवर शोधलं. कंपनी छोटी होती, दूर कुठं गुजरातकडं एक कारखाना, पण शेअरबाजारात तिचे शेअर मिळत होते. झालं. विशाखा बँकेत कामाला. तिनं तिघांची खाती उघडून दिली. धोंडप्पांच्या आडतीतली बसायची गादी अन् लोड जलीलभाईच करून द्यायचे, वर्षानुवर्षं. धोंडप्पांनी तुकडा हातात घेतला, चिमटीत चुरगाळला, नाकाशी नेला. तुरीचा नमुना बघावा तसा. म्हणाले, "दातानं चावून बघू का?"

"चावा," जलीलभाई म्हणाले. "दात थंड राहतेल."

बघा, इथंच चुकलं सगळं. शहरातली माणसं कंपनीचा ताळेबंद बघतात, कर्ज बघतात, मालक कोण ते बघतात. आमच्या या तिघांनी माल हातात धरून बघितला. कापसाचा माणूस अन् धान्याचा माणूस, त्यांना दुसरं काय माहीत? माल चांगला म्हणजे सगळं चांगलं. अन् गंमत अशी, की माल खरंच चांगला होता.

कंपनीचं नाव काही कुणाला घेता येईना, म्हणून तिला 'कापूसवाली' म्हणायला लागले. "कापूसवाली काय म्हणतीय आज?" "कापूसवाली रुसलीय, दोन रुपयानं खाली हाय." "रेल्वेची ऑर्डर मिळाली तर कापूसवाली उडती बघा!" असं दर रविवारी. अमीरबीनं हे ऐकलं अन् कपाळाला हात लावला. शेजारणीला म्हणाली, "या वयात सवत आणली गं माझ्यावर. अन् ती बी पांढरी फक!"

तो तुकडा हाताळून जलीलभाईंचे तळवे कोरडे पडायचे. त्या मालाची पांढरी भुकटी हाताला लागली की हातातलं सगळं तेल शोषून घ्यायची. भेगा पडायच्या. रोज कुणी ना कुणी यायचं, रोज तव्यावर तमाशा व्हायचा, अन् रोज संध्याकाळी अमीरबी खोबरेल घेऊन नवऱ्याचे हात चोळत बसायची.

"सवतीनं हात धरायचा अन् मी चोळायचा," ती म्हणायची. "हे कुठल्या शरियतमधी लिहिलंय?"

जलीलभाई हसायचे. हात मात्र काढून घ्यायचे नाहीत.

रविवारची बैठक रंगायची ती अशी. संघपाल चष्मा लावून कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायचे. पहिल्या पानापासून, एक अक्षर न सोडता, अध्यक्षांच्या फोटोखालच्या ओळीसकट. रेल्वेत फाइल अशीच वाचायची असते म्हणे. धोंडप्पा मधेच टोकायचे.

"नवीन कारखाना कधी सुरू व्हतोय ते बघा आधी. मागल्या साली बी पुढल्या साली म्हणले व्हते."

"येतंय, येतंय. पान बावन्नला हाय ते."

"बावन्नला जाईस्तोवर कारखाना बंद पडायचा! अन् जलीलभाई, चीनचा माल सस्ता येऊन राहिलाय म्हणतेत. आवक वाढली की भाव पडतोय, मोंढ्यात शेंबडं पोरगं बी सांगतंय."

"चीनचा माल मी हातात घेतलाय, आप्पा. लातूरला गुंडाळी पडली व्हती एक. चुरा हाय नुस्ता. एका दिवाळीत बसून जाईल."

"गिऱ्हाईकाला कुठं कळतंय?"

"कळतंय. आज न्हाई, उद्या कळतंय. माल खरा असला की गिऱ्हाईक वाट चुकत न्हाई."

दारात काठी थांबलेली असायची. मग संघपाल म्हणायचे, "मालकानं आपले शेअर बँकेकडं गहाण टाकलेत, हे बघा, इथं बारीक अक्षरात," अन् धोंडप्पा म्हणायचे, "मेलो!" अन् जलीलभाई म्हणायचे, "घर बांधताना कोण गहाण टाकत न्हाई?" आणि काठी पुन्हा सुरू व्हायची. एकदा तर तिघांचं एवढं जुंपलं, की विकायचं की ठेवायचं काही ठरेना. तेव्हा धोंडप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. जुन्या काळी मोंढ्यात सौदा रुमालाखाली व्हायचा, बोटं दाबून. भाव फक्त त्या दोन हातांना कळायचा. "बोलायचं न्हाई," ते म्हणाले, "विकायचं असलं तर एक बोट, ठेवायचं असलं तर मूठ." एकेकानं टॉवेलखाली हात घातला. तीन मुठी निघाल्या. स्वतः धोंडप्पांची धरून! तिघं इतके हसले, इतके हसले, की अमीरबीनं आत जाऊन चहात साखर जास्त टाकली.

हे सगळं मागल्याच्या मागल्या हिवाळ्यापर्यंतचं.

त्या हिवाळ्यात एक दिवस, सकाळची वेळ होती. अमीरबी आत कणीक मळत होती. बाहेर मशीन चालू होतं. कापूस आत जात असला की मशीनचा आवाज कसा भरलेला असतो, घोगरा, तोंडात घास असलेल्या माणसासारखा. कापूस संपला की तेच मशीन मोकळं होऊन सणसणायला लागतं. जलीलभाई ते क्षणभरसुद्धा मोकळं चालू द्यायचे नाहीत, पट्टा झिजतो म्हणायचे. त्या दिवशी ते सणसणायला लागलं आणि सणसणतच राहिलं. अमीरबीनं तसाच कणकेचा हात घेऊन पडदा सारला. जलीलभाई कापसाच्या ढिगावर कलले होते. आरामात. मुठीत शेवटचा पुंजका होता, मशीनला द्यायचा राहिलेला.

तिनं आधी मशीन बंद केलं. का, ते तिलाही सांगता येत नाही. आधी मशीन बंद केलं, मग हाक मारली.

जलीलभाई जाऊन चाळीस दिवस झाले. अफसाना लातूरहून आली, राहिली, गेली. जाताना म्हणाली, "अम्मी, दुकान काढून टाकू अन् लातूरला चल. इथं आता कोण हाय तुझं?" अमीरबी म्हणाली, "बघू." त्या बघूच्या आत काय होतं, ते तिनं लेकीला सांगितलं नाही. सांगणार काय? रविवारी मी त्या दोन म्हाताऱ्यांची वाट बघते, असं सांगणार?

कारण ते दोघं येत नव्हते. बिचारे लाजत होते. ज्याच्या नादानं बसायचो तोच नाही, आता कुठल्या तोंडानं त्याच्या दारात कंपनीच्या गप्पा मारायच्या? अमीरबी मात्र दर रविवारी चहाचं आधण ठेवायची, गादी दारात आणायची. झोडपायची अन् थांबायची. थांबलं की रस्त्यावरच्या ऑटोंचे हॉर्न ऐकू यायचे, बाकी काही नाही.

शेवटी एका रविवारी दोघं आलेच. चप्पल काढून, पाव्हण्यासारखे दाराशी टेकले. तब्येत कशी आहे, अफसाना कशी आहे, असं सगळं विचारून झालं. मग धोंडप्पा टॉवेलचं टोक पिळत बसले.

"काय हो आप्पा," अमीरबी म्हणाली, "ते गेले ते गेले. सवत बी मेली का त्यांच्यासंग?"

दोघांनी चमकून वर बघितलं.

"न्हाई," संघपाल हळूच म्हणाले. "तिमाहीचे आकडे आलेत. तोटा हाय. मी म्हणत व्हतो, निम्मे विकून टाकावेत."

अमीरबी तोपर्यंत कधी त्या गप्पांत पडली नव्हती. पण तिच्या तोंडातून निघून गेलं, "न्हाई म्हणले असते ते."

"हां?"

"म्हणले असते, तोटा कंपनीचा हाय, मालाचा न्हाई."

हुबेहूब होतं हो. शब्द तोच, मान हलवायची ढब तीच. अन् मग धोंडप्पा उसळले. सवयीनंच! "माल चाटायचा का, जलीलभाई?" म्हणाले, अन् म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाला काय बोललो. त्यांचे डोळे भरून आले. अमीरबीनं तिकडं बघितलंच नाही. चहा पुढं सारला. म्हणाली, "चाटा. जीभ थंड राहती."

त्या दिवसापासून काठी कोपऱ्यात गेली अन् अमीरबी आत, बैठकीत आली. गादी शिवता शिवता बोलायची. जलीलभाईंच्या बाजूनं भांडायची. चाळीस वर्षं ऐकलेलं बोलणं; तिला शोधावं लागत नव्हतं. कुणी म्हणालं कापूसवाली बुडणार, की हिच्या तोंडी उत्तर तयार. प्रमोटर, तिमाही, ऑर्डर बुक, सगळे शब्द बाई शिकली. विशाखाला फोन करून विचारायची, "बेटा, आपली आज कशी हाय?" 'आपली'! सवतीची 'आपली' कधी झाली, कुणाला कळलंच नाही.

कळणार कसं? अख्ख्या नांदेडात त्या माणसाचं बोलणं अजून चालू होतं ती हीच एक जागा. घरी त्यांचा फोटो नव्हता, त्यांना आवडायचं नाही. कबरस्तानात बायका जात नाहीत. लेक फोनवर अब्बांचं नाव निघालं की रडायची, म्हणून नाव काढायचं नाही. पण रविवारी दोन माणसं यायची आणि त्या मेलेल्या माणसाशी कचाकचा भांडायची. तो हट्टी आहे म्हणायची, येडा आहे म्हणायची. हिला तेवढंच पाहिजे होतं. शेअरचं काय होतं, हे तिनं मनातून कधी विचारलंच नव्हतं.

अन् यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी ती बातमी आली.

संघपालांनी ती दोनदा वाचली. कुठल्याशा मोठ्या कंपनीनं कापूसवाली अख्खी विकत घेतली होती. तिचे शेअर आता बाजारात राहणार नव्हते. ज्यांच्याकडं होते त्यांनी ठरलेल्या भावात देऊन टाकायचे. न दिले तर नुसते नावाला जवळ राहणार, पुढं कुणी विचारणार नाही. भाव बरा होता, घेतल्यापेक्षा थोडा वरच.

"म्हंजी माल खरा व्हता," धोंडप्पा म्हणाले. "उगंच घेतली का मोठ्यानं?"

"व्हता की," संघपाल म्हणाले.

खरं तर ही आनंदाची बातमी होती. जलीलभाई जिंकले होते. पण कुणाचा चेहरा आनंदाचा दिसेना. अमीरबीनं सुई चालू ठेवली. तिनं एकच विचारलं, "मग पुढल्या रविवारी काय वाचायचं, भाऊ?"

संघपालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

धोंडप्पांनी टॉवेल पसरला. सगळे देऊन टाकणार हे माहीत होतं, तरी रीत ती रीत. आधी संघपालांनी हात घातला. मग अमीरबीनं. धोंडप्पा जरा मागं सरले. बाईमाणसाचा हात धरायचा कसा? अमीरबी म्हणाली, "त्यांचा हात समजा." अन् हात टॉवेलखाली सरकवला. बोटात शिवणाचा पितळी अंगुस्ताना तसाच होता.

मूठ होती. घट्ट. त्यातून जणू कुणी काही काढून घेईल अशी.

धोंडप्पा मोंढ्यात म्हातारे झालेले. नुसत्या बोटावरून समोरच्याच्या घरात आजारपण आहे का लग्न, हे ओळखणारे. त्यांनी ती मूठ उघडली नाही अन् सोडलीही नाही. थोडा वेळ तशीच धरून बसले. मग टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. रुमालाखालचं वर काढायचं नसतं.

"ज्याचं त्यानं बघावं," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी विशाखा मोबाइल घेऊन आली. "चाची, चाचांचे, म्हणजे आता तुमचे, देऊ का ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

"बाकीच्यांनी दिले?"

"दिले."

अमीरबी बराच वेळ दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत राहिली. सुईत काही जाईना. मग म्हणाली, "एकटीनं ठेवून काय करू? लोणचं घालू? दे बेटा, देऊन टाक." ओटीपीसाठी आपला फोन विशाखाच्या हातात दिला अन् आत जाऊन नळ सोडला. भांडी घासलेलीच होती. तिनं परत घासली.

विशाखा सांगते, की त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, गादी दारात का यायची ते.

अफसानाचा फोन आला. "अम्मी, झालं ना आता सगळं? दिवाळीआधी येती का? खोली रंगवून ठेवलीय." अमीरबी म्हणाली, "बघू." पण या वेळच्या बघूत दम नव्हता, अन् लेकीनं ते बरोबर ओळखलं. म्हणाली, "यांना पाठवते गाडी घेऊन."

पुढचा रविवार आला. दोघं आले, सवयीनं. बसले. संघपालांनी पेपर उघडला, मिटला. धोंडप्पांनी गुडघ्याचं सांगितलं, कुठलं तेल लावतात ते सांगितलं. संघपालांनी आपल्याही गुडघ्याचं सांगितलं. चहा झाला. कप रिकामे होऊन तसेच पडले. तिघांच्या मधे जी जागा होती तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"पुढल्या रविवारी..." धोंडप्पा म्हणाले, "पोरीकडं पाव्हणे हायेत. बघू. जमलं तर येतो."

"मलाबी जरा काम हाय," संघपाल म्हणाले. "बघू."

अमीरबीला बघू चांगलं ओळखू यायचं. गादी टाकायला येतो म्हणणारं गिऱ्हाईकही असंच बघू म्हणायचं अन् स्पंजच्या दुकानात जायचं. ती कप गोळा करायला लागली.

धोंडप्पा उठताना गुडघ्यावर हात ठेवून, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "जलीलभाईची ती निळी सायकल दिसत न्हाई कुठं. विकली का?"

सायकल भाच्याला दिली होती. एवढंच सांगायचं होतं. दिली का, बरं केलं, असं म्हणून दोघं चप्पल घालून गेले असते. अन् सायकल निळीच होती. अमीरबीहून जास्त कुणाला ठाऊक? वजिराबादेतून रंगाचा डबा तिनंच आणला होता, ब्रशही तिनंच मारला होता. चार दिवस अंगठ्याच्या नखात निळा रंग होता, अन् जलीलभाई त्या अंगठ्याला बघून म्हणाले होते, मेहंदी चुकीच्या रंगाची लावलीस.

"निळी?" अमीरबी म्हणाली. "हिरवी व्हती."

धोंडप्पा अर्धे उठलेले तसेच थांबले. "हिरवी? भाभी, निळी व्हती. आभाळागत."

"हिरवी व्हती. पोपटागत."

"अहो, मी तिच्यावर बसून इथल्या मोंढ्यात गेलोय!"

"बसल्यावर सायकल कुठं दिसती? सीट दिसती."

"संघपाल, सांगा यांना!"

संघपाल पेपर परत उघडत म्हणाले, "मला वाटतं निळीच. पण मडगार्ड काळं व्हतं."

"मडगार्ड बी हिरवं व्हतं," अमीरबी म्हणाली, अन् गॅसवर परत आधण ठेवलं.

धोंडप्पा खाली बसले. चांगले मांडी घालून. आवाज चढला. शेजारचा चप्पलवाला डोकावून गेला. जलीलभाईंना हिरवा रंग आवडायचा का नाही, यावर अर्धा तास गेला. त्यांना रंगातलं काही कळत नव्हतं, हे धोंडप्पांचं म्हणणं. कळत नव्हतं तर मग तुमचा तो निळा कशाला निवडला, हे अमीरबीचं. त्यांनी एकदा लग्नात जांभळा शर्ट घातला होता, हे संघपालांचं. "तुम्ही त्यांना लईच साधं समजून राहिलेत!" अमीरबी ओरडली. "तुम्हीच त्यांना लई डोक्यावर घेतलं व्हतं!" धोंडप्पा ओरडले. अहमदपूरची गाडी कधीच निघून गेली होती.

"पुढल्या रविवारी साक्षीदार आणतो!" जाता जाता धोंडप्पांनी दम भरला. "माझ्या आडतीतला शिवलिंग हमाल. माझ्यासंग इथं यायचा तवा त्यानं ती सायकल दहादा पंक्चर काढून आणलीय. अन् तुम्ही बी या, संघपाल. कामंबिमं काय न्हाईत तुम्हाला."

"आणा की," अमीरबी म्हणाली. "दोन आणा."

ते गेल्यावर ती दारात उभी राहिली. नखाकडं बघितलं. निळ्या रंगाचं आता काहीच नव्हतं तिथं, असणार कुठून, किती वर्षं झाली. एवढी एक गोष्ट फक्त तिची अन् जलीलभाईंची होती, अन् तिनं ती बाजारात खोटी सांगून खर्चली होती. मग आत जाऊन तिनं अफसानाला फोन लावला. म्हणाली, "गाडी पाठवू नको. रविवारी माझ्याकडं माणसं येणार हायेत."

रविवारी खरंच माणसं आली. धोंडप्पा शिवलिंगला घेऊन आले. धिप्पाड, लाजाळू माणूस. पाव्हण्यासारखा दाराशी बसला. संघपाल आले. विशाखाही आली, मजा बघायला.

"सांग रे," धोंडप्पा म्हणाले, "जलीलभाईची सायकल कोणत्या रंगाची व्हती? न भेता सांग."

शिवलिंगनं डोकं खाजवलं. छताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"लाल," म्हणाला.

धोंडप्पांचं तोंड उघडं ते उघडंच. विशाखा ओढणीत तोंड घालून हसायला लागली. अमीरबी मात्र अजिबात हसली नाही. तिनं सुई गादीत खोचली, दोरा ओढून घट्ट केला.

"बघा आप्पा," म्हणाली, "तुमचा माणूस. तुमच्या गाडीभाड्यानं आलेला. तो बी निळी म्हणत न्हाई."

"अहो पण तो हिरवी बी म्हणत न्हाई की!"

"मी कुठं म्हणले तो हिरवी म्हणतोय? मी म्हणले निळी न्हवती. साक्षीदार कुणाचा व्हता? तुमचा. पडला कोण? तुम्ही."

धोंडप्पांनी संघपालांकडं बघितलं. संघपाल पेपरामागं गेले होते, पेपर हलत होता. शिवलिंगकडं बघितलं. शिवलिंग चहा फुंकत होता. शेवटी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला अन् तोंड पुसलं.

"हिरवी," धोंडप्पा म्हणाले. "जा. हिरवी व्हती."

"अन् मडगार्ड?"

"मडगार्ड बी हिरवं, माझे आई!"